चोपन्नचं छप्पन्न कोणी करायचं?

पालकहो,

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की अंधशाळांतून, वसतिगृहांतून एकच विचारणा सुरू होते, "कोणी रायटर आहे का?" बोर्डाच्या कागदपत्रांत त्याला 'लेखनिक' म्हणतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला प्रश्न वाचून दाखवायचा आणि तो सांगेल ते उत्तरपत्रिकेत लिहायचं, हे त्याचं काम. दहावीच्या विद्यार्थ्याचा लेखनिक त्याच्याहून खालच्या इयत्तेतला लागतो. म्हणजे लागतात ती आपलीच आठवी-नववीतली मुलं, आणि त्यांना पाठवायचं की नाही हे ठरवतो आपण. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे.

एका दृष्टिहीन मुलासाठी ही विचारणा आमच्या घरी आली तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. लेक नववीत, तिचीच वार्षिक परीक्षा तोंडावर. शिवाय मनात एक भीती होती, जी मी कोणाला बोलून दाखवली नाही. त्या मुलाला गुण कमी पडले तर बोल माझ्या पोरीला लागेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. ठरलेल्या लेखनिकाच्या घरच्यांनी ऐन वेळी माघार घेतली होती. ती म्हणाली, "ताई, अभ्यास त्याचा झालाय हो. फक्त लिहिणारा हात हवाय." त्यानंतर मला नाही म्हणता आलं नाही.

मला तेव्हा वाटायचं, या मुलांना ब्रेल येतं, मग ती स्वतः का लिहीत नाहीत? उत्तर सोपं आहे. सहा ठिपक्यांची ती लिपी त्यांना वाचता येते, पण पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना येत नाही. ज्यांची नजर उशिरा गेली त्यांना ब्रेलचा सरावही बेताचाच असतो. आणि लेखनिक फक्त दृष्टिहीनांनाच लागतो असं नाही. सेरेब्रल पाल्सीमुळे ज्यांचा हात पेनावर स्थिर राहत नाही, त्यांनाही लागतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रायटर्स क्रॅम्प' असलेल्या, म्हणजे लिहिताना हात आखडणाऱ्या, यूपीएससीच्या एका उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानंतर ही मेहेरबानीची गोष्ट उरलेली नाही. पण कायदा परवानगी देतो, माणूस देत नाही. तो आपल्या घरातून जावा लागतो.

परीक्षेआधी ती दोघं चार रविवार आमच्याच घरी बसली. पहिल्या रविवारी मी त्याचा हात धरून त्याला खुर्चीकडे ओढत नेलं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, तुम्ही नका धरू. मीच तुमच्या कोपराला धरतो, म्हणजे तुम्ही वळलात की मला कळतं." इतकी साधी गोष्ट मला त्या वयात पहिल्यांदा कळली. मग त्यानं लेकीला शिकवलं : प्रश्नाआधी गुण सांग, म्हणजे उत्तर किती मोठं द्यायचं ते ठरवता येईल. 'परिच्छेद' म्हटलं की नवी ओळ. एखादं नाव लिहिता आलं नाही तर विचार, अंदाजानं लिहू नकोस. पहिल्या दिवशी दोघांची गाडी सारखी अडत होती. चौथ्या रविवारी तो बोलायचा थांबे आणि तिचा पेन एका शब्दानंतर थांबे.

मग गणिताचा पेपर झाला. त्या दिवशी लेक घरी आली ती गप्पच. दप्तर ठेवलं, पाणीसुद्धा प्यायली नाही. मी जवळ बसले तेव्हा म्हणाली, "आई, दादा घाईत बोलून गेला, सात आठे चोपन्न."

"मग?"

"मी चोपन्न लिहिलं."

माझ्या काळजात चर्र झालं. सात आठे छप्पन्न हे तिला दुसरीपासून पाठ. पण लेखनिकानं सुचवायचं नाही, खाकरायचंही नाही, हा नियम तिनं पाळला होता. लेखनिकासह परीक्षा देणाऱ्याला तासाला २० मिनिटं जास्त मिळतात. त्या वेळात त्यानं तिला सगळा पेपर पुन्हा वाचायला सांगितला. ती त्या ओळीपर्यंत आली, चोपन्न वाचलं आणि पुढे गेली. दोन ओळींनंतर तो म्हणाला, "थांब. मागे जा. ते छप्पन्न कर."

"अगं, मग झालं की बरोबर!" मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. "पण चोपन्न वाचताना माझा आवाज बदलला नसेल ना गं? त्याचं त्यालाच सापडलं असेल ना?"

पालकहो, चौदा वर्षांच्या मुलीला पडलेला हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही. मदत म्हणजे समोरच्याचं काम आपण करून टाकणं, अशीच माझी समजूत होती. तिला त्या वर्गात उमगलं होतं की ती चूक त्याची आहे, म्हणून ती सुधारण्याचा मानही त्याचाच. आपण रोज आपल्या मुलांची किती चोपन्नं त्यांच्या लक्षात येण्याआधीच खोडून टाकतो, हे मला त्या संध्याकाळी जाणवलं.

मोठ्या परीक्षांतही हेच असतं. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची नजर सहाव्या वर्षी गेली. त्या दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या आणि २०१६ च्या यूपीएससी परीक्षेत १२४ व्या क्रमांकानं उत्तीर्ण होऊन देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी झाल्या. मुख्य परीक्षेचे तीन-तीन तासांचे पेपर दृष्टिहीन उमेदवार सांगतात आणि कोणीतरी शेजारी बसून लिहितं. विचार, अभ्यास, यश सगळं उमेदवाराचं. लिहिणारा फक्त दिलेल्या वेळी हजर असतो.

हे हजर असणंच सगळ्यात मोठं. म्हणून काही गोष्टी जिवाभावानं सांगते. मुलाला मनापासून जायचं असेल तरच हो म्हणा, पण एकदा म्हटलं की माघार नको. आपल्या घरच्या लग्नकार्यासाठी कोणाचं वर्ष वाया जाऊ नये. हो लवकर कळवा, कारण शाळेमार्फत बोर्डाची परवानगी घ्यायला वेळ लागतो. अक्षर सुवाच्य आणि वाचन खणखणीत हवं, हुशारी नंतर. त्या दोघांना आधी चार वेळा तरी भेटू द्या. तब्येत कधी सांगून बिघडत नाही, तेव्हा दुसरा लेखनिक तयार आहे ना, ते शाळेला विचारून ठेवा. आणि परीक्षा केंद्राबाहेरचे फोटो काढून सगळीकडे पाठवू नका. तो मुलगा परीक्षेला आलेला असतो, आपल्या मुलांचं कौतुक करून घ्यायला नव्हे.

यंदा तुमच्याकडे कोणी विचारणा केली तर लगेच नाही म्हणू नका. आधी मुलाला हाक मारा, शेजारी बसवा आणि विचारा, "चोपन्न ऐकून चोपन्नच लिहिशील? आणि तसंच, त्याच आवाजात, परत वाचून दाखवशील?"