गॅमा किरणांच्या स्फोटांचा ठावठिकाणा

निरभ्र रात्री आकाशाकडे पाहिले असता ते शांत आणि अविचल भासते. सप्तर्षी, मृग, कृत्तिका ही आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली नक्षत्रे आजही आपापल्या जागी दिसतात. तथापि, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गॅमा किरणांच्या साहाय्याने पाहिले, तर हेच आकाश मुळीच शांत नाही. सरासरीने दररोज एकदा आकाशाच्या कोठल्या तरी भागात गॅमा किरणांचा प्रखर झोत उसळतो, काही सेकंद टिकतो आणि विझून जातो. तो कोणत्या दिशेने येईल, याची कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. आणि एकदा विझल्यावर त्याच जागी तो सहसा पुन्हा उठत नाही.

अशा स्फोटांपैकी पहिल्याची नोंद १९६७ साली झाली. पण हे स्फोट नेमके कोठे, किती अंतरावर होतात, हे निश्चित सांगता येण्यास १९९७ साल उजाडावे लागले. घटना घडल्याचे कळणे आणि घटनास्थळ कळणे या दोन गोष्टींमध्ये तब्बल तीस वर्षांचे अंतर पडले. हे अंतर का पडले आणि ते कसे भरून निघाले, याची हकीकत उद्बोधक आहे.

करारावरील पहारा

या शोधाचा उगम खगोलशास्त्रात नसून आंतरराष्ट्रीय राजकारणात आहे. १९६३ साली अमेरिका, सोव्हिएत रशिया व ब्रिटन या राष्ट्रांनी वातावरणात, अंतराळात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार केला. हा करार १० ऑक्टोबर १९६३ रोजी अंमलात आला. त्यानंतर आठवडाभरातच अमेरिकेने 'वेला' मालिकेतील उपग्रहांची पहिली जोडी अवकाशात सोडली. करार मोडून कोणी अंतराळात चोरून अणुस्फोट केलाच, तर त्यातून निघणारे गॅमा किरण टिपणे, हे त्यांचे काम होते. पृथ्वीपासून लाखाहून अधिक किलोमीटर अंतरावर हे उपग्रह जोडीजोडीने फिरत असत.

२ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांना गॅमा किरणांची एक लाट जाणवली. तिचा चढउतार अणुस्फोटाच्या चढउताराशी जुळत नव्हता. लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेतील रे क्लिबेसाडेल आणि त्यांचे सहकारी यांनी ही नोंद निरर्थक म्हणून टाकून दिली नाही. त्यांनी ती जपून ठेवली आणि पुढे अधिक अचूक घड्याळे असलेले उपग्रह अवकाशात गेल्यावर अशाच आणखी घटनांचा शोध घेतला. १९६९ ते १९७२ या काळातील अशा १६ स्फोटांचा वृत्तांत क्लिबेसाडेल, इयन स्ट्राँग आणि रॉय ओल्सन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. हे किरण पृथ्वीवरून आलेले नाहीत आणि सूर्यावरूनही नाहीत, एवढे त्यांना ठामपणे सांगता आले.

घड्याळांची साक्ष

ही खात्री त्यांना कशी पटली, हे एका परिचित उदाहरणाने समजू शकेल. समजा, डोंगरात सुरुंगाचा बार झाला. जवळपास एकमेकांपासून तीन किलोमीटर अंतरावर दोन गावे आहेत आणि दोन्ही गावांच्या शाळांतील घड्याळे तंतोतंत जुळविलेली आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन्ही शाळांत बार एकाच क्षणी ऐकू आला, तर तो दोन्ही गावांपासून सारख्याच अंतरावर झाला. एका शाळेत तो नऊ सेकंद आधी ऐकू आला, तर तो त्या गावापलीकडे, दोन्ही गावांच्या सरळ रेषेत झाला. फरक याच्या मधला असेल, तर दिशा तिरपी आहे हे उघड होय.

वेला उपग्रहांच्या बाबतीत गावांच्या जागी उपग्रह होते आणि आवाजाच्या जागी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारे गॅमा किरण. कक्षेच्या दोन टोकांवरील उपग्रहांमधील अंतर दोन लाख किलोमीटरांहून अधिक असल्याने किरण एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचण्यास जास्तीत जास्त पाऊण सेकंद लागे. म्हणून सेकंदाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत काळ मोजणारी घड्याळे त्यांवर बसविली होती.

मात्र दोन साक्षीदारांवरून आकाशातील एक बिंदू मिळत नाही. मिळते ते एक वर्तुळ. स्फोट त्या वर्तुळाच्या परिघावर कोठेही झालेला असू शकतो. तिसरा उपग्रह असेल, तर दुसरे वर्तुळ मिळते आणि दोन्ही वर्तुळे दोन जागी छेदतात. त्या दोहोंपैकी खरी जागा कोणती, हे चौथा उपग्रह ठरवितो. साक्षीदारांमधील अंतर जितके अधिक, तितकी जागा अधिक अचूक ठरते. यास्तव १९७६ नंतर सूर्याभोवती फिरणाऱ्या 'हेलिऑस-२' या यानावर, आणि १९७८ साली शुक्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या व सोव्हिएत रशियाच्या यानांवरही असे शोधक बसविण्यात आले. स्वतःच्या कामास निघालेल्या यानांनी मिळून आकाशावर ठेवलेला हा सामायिक पहारा होता. त्यातून काही स्फोटांच्या जागा बऱ्याच अचूक मिळाल्या. पण दूरच्या यानांवरील नोंदी गोळा होऊन गणित पूर्ण होईपर्यंत वेळ निघून जाई आणि दुर्बिणी त्या दिशेस वळेपर्यंत तेथे पाहण्यासारखे काही उरत नसे.

जवळ की दूर?

जागा न कळल्यामुळे अंतर कळत नव्हते आणि अंतर न कळल्यामुळे कारणही कळत नव्हते. रात्री दूरवर दिसणारा दिवा कंदिलाचा आहे की मोटारीचा, हे अंतर ठाऊक असल्याविना सांगता येत नाही, तसाच हा प्रकार होता. हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या आसपास होत असतील, तर त्यांची शक्ती माफक ठरत होती. पण ते दूरच्या दीर्घिकांमध्ये होत असतील, तर सूर्य आपल्या दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जितकी ऊर्जा बाहेर टाकील, तितकी ऊर्जा काही सेकंदांत प्रकट होते, असे मानावे लागत होते. शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या. त्यांतील बरोबर कोणती, हे ठरविण्याचे साधन नव्हते.

५ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेने 'कॉम्प्टन' ही गॅमा किरण वेधशाळा अवकाशात पाठविली. तिच्या आठ कोपऱ्यांवर आठ शोधक होते. उन्हाकडे तोंड असलेली भिंत अधिक तापते आणि तिरकी भिंत कमी तापते, त्याप्रमाणे ज्या शोधकाचे तोंड स्फोटाकडे असेल, त्यावर किरण अधिक पडत. आठांची तुलना करून दिशा काही अंशांपर्यंत काढता येई. जून २००० मध्ये ही वेधशाळा कार्यमुक्त होईपर्यंत या शोधकांनी २,७०४ स्फोट नोंदविले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात दाटलेले नसून संपूर्ण आकाशात सारखे विखुरलेले आढळले. यावरून ते फार दूरचे असावेत, असा तर्क बळावला. तरीही आकाशगंगेभोवतीच्या विशाल आवरणातून ते येत असतील, असे म्हणणारे होतेच. १९९५ साली वॉशिंग्टन येथे बोहदान पाचिन्स्की व डोनाल्ड लॅम्ब या दोन शास्त्रज्ञांनी परस्परविरुद्ध बाजू मांडल्या. पण वाद मिटला नाही. पौर्णिमेचा चंद्र आकाशात केवळ अर्धा अंश जागा व्यापतो. काही अंशांच्या क्षेत्रात तर अगणित दीर्घिका येतात. त्यांतील नेमकी कोणती, हे कसे सांगणार?

जाळीची सावली

नेहमीच्या दुर्बिणीत भिंग किंवा आरसा प्रकाश एकवटून प्रतिमा तयार करतो. गॅमा किरण इतके भेदक असतात की, ते साध्या भिंगातून व आरशातून आरपार जातात. पृथ्वीचे वातावरण मात्र जाड असल्याने ते त्यांना शोषून घेते. म्हणून हे निरीक्षण अवकाशातूनच करावे लागते. यावर निघालेला उपाय मोठा साधा आहे. शोधकांच्या वर जड धातूच्या तुकड्यांची, ठिकठिकाणी मोकळी जागा सोडलेली एक जाळी बसवितात. किरण आले की, जाळीची सावली शोधकांवर पडते. किरणांची दिशा बदलली की, सावली सरकते. सावली कोठे पडली, यावरून किरण कोठून आले, हे गणिताने काढता येते.

अशा जाळीचे कॅमेरे असलेला 'बेप्पोसॅक्स' हा इटली व नेदरलँड्स यांचा उपग्रह ३० एप्रिल १९९६ रोजी सोडण्यात आला. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याने एक स्फोट टिपला. सुमारे आठ तासांत उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणी त्या दिशेस वळविण्यात आल्या, तेव्हा तेथे क्ष-किरणांचे मंदावत जाणारे तेज आढळले. एक दिवस उलटण्यापूर्वीच कॅनरी बेटांवरील विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्या जागेचे छायाचित्र घेतले. आठवड्याभराने घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्रात तेथील एक प्रकाशबिंदू नाहीसा झालेला दिसला. स्फोटामागे उरणारे तेज प्रथमच हाती लागले होते.

त्याच वर्षी ८ मे रोजी झालेल्या स्फोटानंतर उरलेल्या तेजाचे हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने पृथक्करण केले. तो प्रकाश सुमारे सात अब्ज वर्षे प्रवास करून आल्याचे निष्पन्न झाले आणि अंतराचा वाद मिटला. हे मापन करणाऱ्या चमूत, कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले आणि अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत संशोधन करणारे डॉ. श्रीनिवास कुलकर्णी यांचा समावेश होता, ही आपणास अभिमानाची बाब होय. २०२४ साली त्यांना शॉ पारितोषिक प्राप्त झाले.

तासांवरून सेकंदांवर

यानंतर भर देण्यात आला तो वेगावर. २० नोव्हेंबर २००४ रोजी सोडलेल्या अमेरिकेच्या 'स्विफ्ट' उपग्रहाच्या जाळीत शिशाच्या पन्नास हजारांहून अधिक लहान चौकोनी चकत्या आणि तिच्याखाली ३२,७६८ शोधक स्फटिक आहेत. स्फोटाची जागा काही कलांपर्यंत काढून, पृथ्वीवरून आज्ञा येण्याची वाट न पाहता, सुमारे मिनिट-दीड मिनिटात आपल्या इतर दुर्बिणी तिकडे वळविता याव्यात, अशी त्याची रचना होती. क्ष-किरण दुर्बीण मग ती जागा काही विकलांपर्यंत निश्चित करी, आणि दरम्यान जगभरच्या वेधशाळांना सूचना गेलेली असे. २३ एप्रिल २००९ रोजी त्याने टिपलेल्या एका स्फोटाचा प्रकाश तर सुमारे तेरा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता.

अशा निरीक्षणांतून कारणांचाही उलगडा झाला. दोन सेकंदांहून अधिक टिकणारे स्फोट बहुतांशी प्रचंड ताऱ्याचा गाभा कोसळताना होतात; त्याहून अल्पजीवी स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना होतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी याचा पुरावा मिळाला. पृथ्वीवरील लायगो व व्हर्गो या यंत्रणांना विलीन होणाऱ्या दोन ताऱ्यांच्या गुरुत्वीय लहरी जाणवल्या आणि त्यानंतर १.७ सेकंदांनी 'फर्मी' या उपग्रहाला गॅमा किरण दिसले. दोहोंच्या साक्षीवरून शोध घेतला असता सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेत तो नवा प्रकाशबिंदू सापडला.

भारताचा वाटा

भारताचा 'अ‍ॅस्ट्रोसॅट' उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून अवकाशात गेला. त्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिकांचा कॅमेरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला आणि त्याच्या नोंदींचे काम पुण्याच्या 'आयुका' संस्थेकडे सोपविण्यात आले. हा कॅमेरा ६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुरू झाला, त्याच दिवशी त्याने एक गॅमा स्फोट टिपला. २०२२ सालापर्यंत ही संख्या पाचशेवर गेली.

त्याने एक गैरसमजही दूर केला. ४ जानेवारी २०१७ रोजी गुरुत्वीय लहरी जाणवल्यानंतर त्याच दिशेला एक मंदावत जाणारा प्रकाशबिंदू दिसला. दोहोंचा संबंध असावा, असे वाटणे साहजिक होते. पण अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदीत लहरींनंतर सुमारे एकवीस तासांनी झालेला एक वेगळा गॅमा स्फोट आढळला आणि तो प्रकाशबिंदू त्याचा असल्याचे स्पष्ट झाले. पुणे जिल्ह्यातील नारायणगावनजीक खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही अशा स्फोटांमागे उरणाऱ्या रेडिओ लहरींचे वेध घेतले आहेत.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथनजीक उभारावयाच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. सुमारे २,६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प येथे कशासाठी, असा प्रश्न त्या भागातील ग्रामस्थांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वर आलेच आहे: अमेरिका व युरोप येथील साक्षीदारांपासून दूरवर आणखी एक साक्षीदार असला, तर घटनेची जागा अधिक नेमकी ठरते.

शाळेसाठी एक प्रयोग

हा विषय वर्गात समजाविण्यास महागडी साधने लागत नाहीत. एका पुठ्ठ्यावर अनियमित अंतरावर दहा-बारा छिद्रे पाडावीत. तो भिंतीपुढे वीतभर अंतरावर धरून अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश त्यावर पाडावा. विजेरी डावीकडे नेली की, ठिपके उजवीकडे सरकतात. एका विद्यार्थ्याने पाठ फिरवून केवळ ठिपक्यांवरून विजेरी कोठे आहे, ते सांगावे. उपग्रह हेच करतो.

या साऱ्या हकीकतीत मोठ्या यंत्रांइतकेच महत्त्व साध्या शिस्तीला आहे. नोंद अचूक वेळेसह करणे, अर्थ लागला नाही तरी ती जपून ठेवणे आणि इतरांना ती वेळेत कळविणे, या तीन गोष्टी पाळल्या गेल्या, म्हणूनच काही सेकंदांत विझणाऱ्या तेजाचा ठावठिकाणा लागला. कचेरीत, शाळेत वा ग्रामपंचायतीत नोंदवही सांभाळणाऱ्या प्रत्येकास या शिस्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.