फोटोतील लाल डोळे : टाळावे कसे, सुधारावे कसे

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आपल्या धंद्यात आता माल नंतर आणि त्याचा फोटो आधी पोहोचतो. अंधेरी-बोरिवलीचा दुकानदार असो की घाटकोपर-मुलुंडचा शिंपी किंवा जरदोजी कारागीर, निकाहच्या जोड्याचा फोटो मोबाईलवर पाठवल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही. त्या फोटोत मुलीचे डोळे निखाऱ्यासारखे लाल आले, तर गिऱ्हाईक आधी डोळे पाहते, मग कपडा. आम्ही कपड्याचे व्यापारी, फोटोग्राफर नव्हे. तरी हा विषय सर्वांच्या उपयोगाचा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर फार महत्त्वाचा आहे.

प्रथम कारण समजून घेऊ. डोळ्याची काळी बाहुली म्हणजे खरे तर एक भोक आहे. ते उजेडात आकसते आणि अंधारात मोठे होते. फ्लॅश इतक्या झटकन चमकतो की बाहुलीला आकसायला वेळच मिळत नाही. उजेड सरळ आत जातो, मागच्या पडद्यावर पडतो आणि तिथल्या रक्ताचा लाल रंग घेऊन आला त्याच वाटेने परततो. फ्लॅश लेन्सला लागूनच असेल तर हा लाल उजेड थेट लेन्समध्ये शिरतो. १९९० च्या दशकात घरोघरी आलेल्या कोडॅक केबी-१० सारख्या छोट्या कॅमेऱ्यांच्या फोटोंत लाल डोळे दिसत, ते याच कारणाने. मोबाईलचा फ्लॅशही लेन्सच्या शेजारीच असतो.

म्हणजे अंधारी खोली, लेन्सजवळचा फ्लॅश आणि लेन्सकडे रोखलेली नजर, या तिन्ही गोष्टी जमल्या की डोळे लाल येतात. यातली एक तोडली तरी बरेचसे काम होते.

१) फोटोआधी खोलीतले सर्व दिवे लावा. दिवसा खिडकीजवळ किंवा दुकानाच्या दारात, सावलीत उभे केले तर फ्लॅश लागतच नाही. कपड्याचा रंगही खरा येतो.

२) वेगळी फ्लॅशगन असेल तर तिचे तोंड छताकडे किंवा भिंतीकडे करा. मात्र भिंत पांढरी हवी. हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड कपड्यावर हिरवी झाक टाकतो, आणि मग ‘फोटोतला रंग वेगळा होता’ म्हणून माल परत येतो. पांढरी भिंत नसेल तर दोन-तीन मीटर पांढरा लठ्ठा ताणून धरावा. ही वस्तू तर आपल्याच दुकानातली.

३) लांबून झूम करून फ्लॅश मारू नका. जितके लांब जाल तितके फ्लॅश आणि लेन्स डोळ्याच्या हिशोबाने एका रेषेत येतात. जवळ जाऊन फोटो घ्या.

४) नजर लेन्सच्या थोडी बाजूला ठेवायला सांगा.

५) कॅमेऱ्यात लाल डोळे कमी करण्याची सोय असेल तर ती चालू करा. त्यात आधी एक उजेड पडतो, बाहुली आकसते आणि मग खरा फोटो निघतो. पहिल्या उजेडालाच लोक हलतात, म्हणून आधी सांगून ठेवावे.

आता दुरुस्ती. पूर्वी स्टुडिओवाले छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशाने रंग लावत. आज फोटोशॉपमध्ये २००५ पासून यासाठी वेगळे साधन आहे, आणि गिम्प या मोफत प्रोग्रामातही ती सोय आहे. हाताने करायचे तर डोळा मोठा करून फक्त बाहुली निवडा, तिचा रंग काढून टाका, मग ती थोडी गडद करा. भोवतीच्या तपकिरी वर्तुळाला आणि डोळ्यातल्या पांढऱ्या चमकेला हात लावू नका. ती चमक गेली की डोळा निर्जीव दिसतो. मूळ फोटो मात्र जपून ठेवावा. बकरी ईदच्या वेळी बकऱ्यांचे फोटो पाठवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. बकऱ्याच्या डोळ्यात आरशासारखा थर असतो, त्यामुळे डोळे लाल नव्हे तर हिरवट-पिवळे चमकतात आणि हे साधन तिथे चालत नाही. त्यांचा फोटो दिवसाच घ्यावा.

पासपोर्टसाठी अंधेरी व मालाडच्या सेवा केंद्रात फोटो तिथेच काढतात, पण चार वर्षांखालील मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आपणच न्यावा लागतो. त्यात डोळे लाल आले तर रंगवत बसू नका. दिवसाच्या उजेडात नवा फोटो काढा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल किंवा काळा आणि दुसरा पांढरा चमकताना दिसला, तर तो सुधारू नका. हे रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. तो बहुतेक पाच वर्षांखालील मुलांना होतो. लवकर कळला तर जीव वाचतो आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. पांढरी चमक मोतीबिंदूने किंवा तिरळेपणानेही येते. कधी तर उजेड नेमका डोळ्याच्या नसेच्या तोंडावर पडल्यानेही येते, आणि त्यात काही बिघाड नसतो. म्हणून घाबरू नये, पण थांबूही नये. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, मूळ फोटो दाखवावा आणि थेंब घालून डोळा आतून तपासून घ्यावा. कर्करोगाची शंका निघाली तर परळला १९४१ पासून चालू असलेले टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे. घाटकोपर-मुलुंडहून परळ आणि अंधेरी-बोरिवलीहून प्रभादेवी स्टेशनला उतरावे.

शादीचे आणि वाढदिवसाचे फोटो काढणाऱ्या बंधूंना आमची खास विनंती आहे. शंभर फोटो एकदम दुरुस्त करताना अशी पांढरी चमकही काळी होऊन जाते, आणि आई-बापाला ती कधी दिसतच नाही. म्हणून लहान मुलांचे फोटो दुरुस्तीआधी एकेक पाहावेत. शंका आली तर हॉलमध्ये चार लोकांसमोर बोलू नये. बापाला बाजूला घेऊन मूळ फोटो द्यावा आणि डॉक्टरांकडे जायला सांगावे.