ओपनऑफिस : एका सामाईक कार्याचा उत्कर्ष आणि ऱ्हास

संस्था कशा उभ्या राहतात, याविषयी स्मरणिकांतून पुष्कळ लिहिले जाते. त्या कशा क्षीण होतात, याचा अभ्यास मात्र क्वचित होतो. प्रस्तुत लेखात आम्ही संगणक क्षेत्रातील एका सुप्रसिद्ध उदाहरणाचा विचार करणार आहोत. ते उदाहरण ‘ओपनऑफिस’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी महाविद्यालयात, सायबर कॅफेत किंवा पहिल्या नोकरीत त्यावर अर्ज टंकलिखित केले असतील. आजही काही घरांतील संगणकांवर ते असेल. म्हणून हा विषय पालकांच्याही उपयोगाचा आहे.

प्रथम एक संज्ञा स्पष्ट करू. प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुराला ‘मूळ संहिता’ म्हणतात. बाजारातील बहुतेक सॉफ्टवेअरची मूळ संहिता कंपनीजवळ गुप्त राहते आणि ग्राहकाला केवळ तयार वस्तू मिळते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ही संहिता सर्वांना वाचता येते, तीत दुरुस्ती करता येते आणि ती पुढे देता येते. अशा सॉफ्टवेअरला मालक नसतो, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे, हे पुढील इतिहासावरून कळेल.

प्रारंभ

१९८५ साली जर्मनीतील ल्यूनेबुर्ग येथे मार्को ब्यॉरीस या शालेय वयाच्या मुलाने ‘स्टारडिव्हिजन’ ही कंपनी सुरू केली. ‘स्टाररायटर’ या तिच्या लेखनाच्या प्रोग्रामचा विस्तार होऊन पुढे ‘स्टारऑफिस’ हा संच झाला. ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने स्टारडिव्हिजन विकत घेतली. त्या काळी कार्यालयीन कामासाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे जवळजवळ एकछत्री राज्य होते. त्याला पर्याय उभा करावा, या हेतूने सनने १३ ऑक्टोबर २००० रोजी स्टारऑफिसची मूळ संहिता खुली केली. ओपनऑफिसचा जन्म तो हाच.

१ मे २००२ रोजी १.० ही आवृत्ती आली. लेखनासाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस असे तिचे भाग होते. ती विनामूल्य होती आणि विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालत असे. ज्यांना परवान्याचे पैसे परवडत नव्हते, अशा शाळा, छोटी कार्यालये आणि सामान्य कुटुंबे यांच्यासाठी ही मोठीच सोय होती. आपल्या देशातही २००५ पासून केंद्र सरकारच्या पुढाकाराने भारतीय भाषांतील संगणकीय साधनांच्या मोफत सीडी वाटण्यात आल्या. त्यांत ओपनऑफिसचे भारतीय भाषांतील रूप समाविष्ट होते. ऑक्टोबर २००८ मध्ये ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी मागणी इतकी वाढली की प्रकल्पाचे संकेतस्थळ कोलमडले.

उत्कर्षकाळातील दोष

भरभराटीच्या या दिवसांतच ऱ्हासाची बीजे पडलेली होती. संहिता खुली असली, तरी निर्णयाची सूत्रे सनकडे होती. प्रकल्पासाठी पूर्णवेळ काम करणारे बहुसंख्य प्रोग्रामर सनचेच पगारी नोकर होते. बाहेरच्या स्वयंसेवकाला आपले योगदान द्यायचे असल्यास त्याच्या हक्कात सनला वाटेकरी करून घेण्याच्या करारावर सही करावी लागे. पाठवलेली दुरुस्ती कधी स्वीकारली जाईल, हेही कंपनीच ठरवी. या संथपणाला कंटाळून नॉव्हेल या कंपनीच्या प्रोग्रामरांनी अधिकच्या दुरुस्त्या जोडलेले ‘गो-ओओ’ नावाचे वेगळे रूप चालवले होते.

संहिता खुली करताना २००० सालीच एका स्वतंत्र प्रतिष्ठानाची कल्पना मांडली गेली होती. दहा वर्षांत ते प्रतिष्ठान स्थापन झाले नाही. सन कंपनी सुस्थितीत होती तोवर ही उणीव फारशी कोणाला जाणवली नाही. पोशिंदा बदलला, तेव्हा मात्र तीच निर्णायक ठरली.

फूट

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्सची खरेदी पूर्ण केली. ओपनऑफिसविषयी नव्या मालकाचे धोरण काय असेल, हे स्पष्ट होईना. अखेर २८ सप्टेंबर २०१० रोजी प्रकल्पातील अनेक प्रमुख कार्यकर्त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली आणि त्याच संहितेवर आधारलेले ‘लिबरऑफिस’ सुरू केले. ओपनऑफिसचे नाव ओरॅकलने द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. ओरॅकलने नाव दिले नाही. उलट, फाउंडेशनमध्ये सामील झालेल्यांनी जुन्या प्रकल्पाच्या सल्लागार मंडळातून बाजूला व्हावे, अशी भूमिका घेतली गेली.

लोक कोणाच्या बाजूने आहेत, हे लवकरच दिसले. २०११ च्या आरंभी फाउंडेशनने जर्मन कायद्यानुसार न्यास स्थापण्यासाठी लागणारे ५०,००० युरो लोकांकडे मागितले. ती रक्कम आठ दिवसांत जमली. लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी ओपनऑफिस काढून लिबरऑफिस घेतले. एप्रिल २०११ मधील उबुंटू ११.०४ हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याच महिन्यात ओरॅकलने ओपनऑफिसचे व्यापारी काम थांबवत असल्याचे जाहीर केले आणि जून २०११ मध्ये संहिता व नाव ही दोन्ही अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिली. फुटून निघालेल्यांकडे कार्यकर्ते होते आणि मूळ घराण्याकडे नाव राहिले.

परवान्याचा परिणाम

या टप्प्यावर एक तांत्रिक, परंतु महत्त्वाचा मुद्दा समजून घेतला पाहिजे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरलाही परवाना असतो आणि सगळे परवाने सारखे नसतात. अपाची परवान्यानुसार संहिता कोणीही घ्यावी आणि आपल्या अटींवर वापरावी, अशी मुभा असते. लिबरऑफिसच्या परवान्यात मात्र संहिता घेऊन त्यात बदल करणाऱ्याने ते बदलही त्याच अटींवर खुले ठेवावेत, असे बंधन आहे.

याचा परिणाम एकतर्फी झाला. ओपनऑफिसमध्ये झालेली सुधारणा लिबरऑफिसला उचलता येई. लिबरऑफिसमधील सुधारणा ओपनऑफिसला अपाचीच्या नियमांमुळे घेता येत नसे. दोन शेजारी शेतांत पाट एकच असावा आणि पाणी एकाच बाजूने वाहावे, तसे हे झाले. दोघांकडे माणसे सारखी असती, तरी कालांतराने एक पुढे गेले असते. येथे तर माणसेही सारखी नव्हती.

आयबीएम या कंपनीने काही काळ अपाची ओपनऑफिसला आपले प्रोग्रामर आणि ‘लोटस सिम्फनी’ची संहिता दिली. २०१२ मध्ये ३.४, २०१३ मध्ये ४.० आणि एप्रिल २०१४ मध्ये ४.१ या आवृत्त्या आल्या. पुढे आयबीएमने हात आखडता घेतला. मार्च २०१५ मध्ये एलडब्ल्यूएन या नियतकालिकाने मागील वर्षभरात दोन्ही प्रकल्पांत संहिता लिहिणाऱ्यांची गणना केली. लिबरऑफिसमध्ये २६८ जण होते, ओपनऑफिसमध्ये १६.

नाव उरले

आमच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत चिंतनीय भाग पुढेच आहे. काम करणारे हात निघून गेले, पण नाव लोकांच्या मनात कायम होते. एप्रिल २०१४ पर्यंत अपाची ओपनऑफिस १० कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. घेणाऱ्यांना आतली स्थिती ठाऊक नव्हती.

वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी सापडत राहतात. एखादी दूषित फाइल उघडताच संगणक परक्याच्या ताब्यात जाऊ शकेल, अशा त्या असतात. त्या तत्काळ बुजवण्यासाठी जाणती माणसे हाताशी लागतात. जुलै २०१६ मध्ये ओपनऑफिसमधील अशी एक त्रुटी जाहीर झाली. तिच्यासाठी तात्पुरती दुरुस्ती ऑगस्टमध्ये मिळाली आणि पूर्ण नवी आवृत्ती ऑक्टोबरमध्ये आली. दरम्यान सप्टेंबरमध्ये प्रकल्पाच्या तत्कालीन प्रमुखांनीच काम सन्मानाने थांबवावे काय, हा प्रश्न सहकाऱ्यांपुढे मांडला. प्रकल्प बंद झाला नाही. तथापि तेव्हापासून ४.१ याच आवृत्तीच्या किरकोळ दुरुस्त्या निघत राहिल्या आहेत. आज सर्वत्र चालणाऱ्या ‘डॉक्स’ प्रकारची फाइल ती उघडते, पण त्या प्रकारात जतन करू शकत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, संहिता खुली झाल्याला २० वर्षे पूर्ण होताना, लिबरऑफिसच्या फाउंडेशनने अपाचीला अनावृत पत्र लिहिले. आपल्या वापरकर्त्यांना अधिक अद्ययावत पर्याय असल्याचे निदान सांगा, एवढीच त्यात विनंती होती.

जे टिकले

या कथेत केवळ हानी आहे, असे मात्र नाही. ओपनऑफिसमधून ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ हे फाइलचे खुले स्वरूप निर्माण झाले. २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळाली. विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. ‘ओडीटी’ फाइलची एक प्रत घ्यावी, तिच्या नावाचा शेवट बदलून ‘झिप’ करावा आणि ती उघडावी. आत ‘कंटेंट’ नावाच्या फाइलमध्ये आपला मजकूर साध्या अक्षरांत वाचता येतो. उद्या एकही जुना प्रोग्राम उरला नाही, तरी तो मजकूर हरवणार नाही.

मराठी वाचकाला याचे मोल विशेष कळावे. युनिकोडपूर्व काळात प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची अक्षरयोजना वेगळी होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. अनेक संस्थांची जुनी इतिवृत्ते आणि स्मरणिका अशाच फाइलींत अडकून पडल्या आहेत.

बोध

या अभ्यासातून आम्हांस तीन गोष्टी निष्पन्न होताना दिसतात. पहिली, एकाच पोशिंद्यावर उभे असलेले सामाईक कार्य त्या पोशिंद्याच्या मर्जीइतकेच दृढ असते. स्वतंत्र विश्वस्त व्यवस्था उभारायची ती सुस्थितीतच उभारली पाहिजे. दुसरी, जे प्रत्यक्ष राबतात त्यांना निर्णयात वाटा नसेल, तर ते एक दिवस निघून जातात आणि त्यांच्याबरोबर कामाची जाणही जाते. तिसरी, जुन्या नावावरील लोकांचा विश्वास ही एक ठेव आहे. ती सांभाळण्याचे बळ उरले नसेल, तर तसे लोकांना वेळेवर सांगणे हे नावाच्या धारकाचे कर्तव्य ठरते. या तिन्ही गोष्टी शाळांना, सहकारी संस्थांना आणि माजी विद्यार्थी संघांनाही लागू पडतात.

पालकांसाठी शेवटी एक व्यावहारिक सूचना. घरच्या संगणकावर ओपनऑफिसची जुनी आवृत्ती असेल, तर ती काढून लिबरऑफिस घ्यावे. ते विनामूल्य आहे, मराठीतून वापरता येते आणि जुन्या ‘ओडीटी’ फाइली त्यात उघडतात. तसेच जुन्या फॉन्टमधील महत्त्वाचा मजकूर घरात वा संस्थेत पडून असल्यास, तो टंकलिखित करणारी व वाचू शकणारी माणसे आपल्यात आहेत तोवर युनिकोडमध्ये आणून ठेवावा.