कंदीलपुष्प आणि भाद्रपदातलं आभाळ

अंजनेरीच्या कंदीलपुष्पाचं, म्हणजे सेरोपेजिया अंजनेरिकाचं, शास्त्रीय वर्णन २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलं, शिवाजी विद्यापीठाचे डॉ. एस. आर. यादव त्याच्या लेखकांपैकी एक. नाशिकच्या उंबऱ्यावरच्या या फुलाचा ताऱ्यांखाली फोटो काढताना उमगलेलं थोडं.

१. फुलं पावसाळ्यात, तारे उघडीप मिळाल्यावर. दोन्हींची गाठ पडली तर भाद्रपदात. दक्षिणेला, वैतरणेच्या बाजूला तोंड करावं. पूर्वेला नाशिकचा आणि पश्चिमेला त्र्यंबकचा उजेड आभाळ खातो. अंधार पडला की नैऋत्येला वृश्चिक कललेला असतो आणि धनूतून आकाशगंगा वर चढते.

२. सगळे अमावास्या गाठायला सांगतात. मला शुद्ध तृतीया-चतुर्थीची कोर जास्त आवडते. मावळेपर्यंत ती गवतावर मंद, एकसारखा उजेड टाकते, टॉर्च लागतच नाही. गणेश चतुर्थीचा चंद्र पाहू नये म्हणतात. मी पाहत नाही, नुसता वापरतो!

३. फूल हातभर अंतरावर, तारे अनंतावर. एका फोकसमध्ये दोन्ही बसत नाहीत. संधिप्रकाशात वारा पडल्यावर फूल टिपावं, ट्रायपॉड जागचा हलवू नये, मग तेवढ्याच चौकटीत तारे: वीस मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, वीस सेकंद. दोन फ्रेम जोडल्याचं चित्राखाली लिहावं. न लिहिणं मला लबाडी वाटते.

४. लेन्सवर दव. सुती फडकं खिशात.

५. झोपून फोटो काढायचा मोह फार होतो. पण फूल नसलेली रोपं गवतात ओळखू येत नाहीत, आणि अंग टाकू तिथेच ती असू शकतात. जागा दिवसाउजेडी नीट पाहून ठेवावी, पाय खडकावर ठेवावेत. फुलाच्या नळीतल्या केसांत बारक्या माश्या अडकतात. केस सुकले की परागपुंज घेऊन सुटतात. म्हणून पानं-फुलं सारखी करायला बोट लावू नये. समोर आडवी आलेली गवताची काडी फोटोत राहिली तरी चालेल.

६. अंजनेरी २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. रात्री थांबायचं तर आधी वनखात्याला विचारावं. बिबट्याला परवानगी लागत नाही.

७. फोनचं लोकेशन बंद ठेवावं. कंदीलपुष्पांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि दुर्मिळ म्हटलं की कुंडीत लावणारे हौशीही निघतात. ‘नेमकं कुठं?’ विचारणाऱ्याला मी ‘अंजनेरीला’ एवढंच सांगतो.