घड्याळ कोणाच्या बाजूला?

प्रश्न : ‘रिस्क ऑफ रेन २’ आणि ‘रिटर्नल’ या दोन्ही खेळांचे बरेच व्हिडिओ पाहिले. दोन्हींत परग्रह, दोन्हींत पात्र पाठीमागून दिसतं, दोन्हींत गोळ्यांचा भडिमार, आणि मेलं की पुन्हा पहिल्यापासून. मला तर हा एकच खेळ दोन नावांनी विकल्यासारखा वाटतो. यांत खरा फरक काय? आणि पैसे एकापुरतेच असतील तर कोणता घ्यावा?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे, कारण दोन्ही खेळांचं कूळ एकच. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा खेळ लिहिला. पुढे केन अर्नोल्डही त्यात सामील झाले. त्यात दोन गोष्टी पक्क्या होत्या : भुयाराची रचना दर डावाला नवी आणि मरण कायमचं. या दोन गोष्टी पाळणाऱ्या खेळांना आजही ‘रोगलाइक’ म्हणतात. तुम्ही विचारलेल्या दोन खेळांनी तलवारीऐवजी बंदूक घेतली आणि भुयाराऐवजी परग्रह, एवढंच.

पण दोन्ही खेळून पाहिले की पहिल्या अर्ध्या तासातच हाताला कळतं की हे वेगळं प्रकरण आहे. राक्षस, बंदुका, ग्रह सगळं बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा : घड्याळ कोणाच्या बाजूला आहे?

‘रिस्क ऑफ रेन २’मध्ये ते शत्रूच्या बाजूला आहे. डंकन ड्रमंड आणि पॉल मोर्स यांनी अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात शिकत असताना पहिला भाग सुरू केला. तो २०१३ मध्ये आला. दुसरा भाग मार्च २०१९ मध्ये अपुऱ्या अवस्थेत खुला झाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये पूर्ण झाला. त्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी सतत सरकत असते. ‘सोपं’पासून ‘अशक्य’पर्यंत आणि त्याहीपुढे. शेवटी तर खेळ उघडउघड हसायलाच लागतो. तुम्ही लढा, फिरा किंवा नुसते उभे राहा, पट्टी काही थांबत नाही. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पडत राहतं, तसंच.

पडद्यामागची यंत्रणाही समजून घेण्यासारखी आहे. खेळात एक अदृश्य ‘डायरेक्टर’ आहे. वेळेनुसार त्याच्या खात्यात गुण जमा होतात आणि ते खर्चून तो राक्षस विकत घेतो. सुरुवातीला त्याला किरकोळ प्राणीच परवडतात. तासाभराने त्याचं खातं इतकं फुगतं की टप्प्याटप्प्यावर बॉसच्या तोडीचे राक्षस झुंडीने येतात. तिकडे तुमच्या वस्तूंच्या पेट्याही महाग होत जातात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एकच पेच : अजून दोन पेट्या उघडून तगडं व्हायचं, की पुढच्या ठिकाणी नेणारं यंत्र, म्हणजे टेलिपोर्टर, सुरू करून सटकायचं? खेळाची सगळी गंमत या पेचात आहे.

मिळालेल्या वस्तू एकावर एक साचत जातात. चष्म्याची एक जोडी मिळाली की जोरदार फटका बसण्याची शक्यता दहा टक्क्यांनी वाढते. अशा दहा जमल्या की प्रत्येक गोळी दुप्पट लागते. बकरीचा खूर मिळाला की पळण्याचा वेग वाढतो, युकुलेली मिळाली की गोळीतून वीज उसळून शेजारच्या राक्षसांवर जाते. तासाभरात तुमचं पात्र असलं अचाट होतं की पडद्यावर नक्की काय चाललंय ते कळेनासं होतं, आणि हाच त्याचा आनंद आहे. चार मित्र ऑनलाइन जमले तर या खेळाला तोड नाही. ख्रिस ख्रिस्तोदुलूचं संगीत ऐकण्यासाठीच हा खेळ पुन्हा सुरू करणारे लोक आहेत, आणि त्यांत मीही आहे.

मात्र एक उणीव आहे. चांगल्या वस्तू हाती लागल्या नाहीत तर कितीही सफाईने खेळा, डाव आटोपतो. हरण्यातून दर वेळी काही शिकता येतं असं नाही. गोष्टही बरीचशी नोंदवहीच्या पानांत विखुरलेली आहे. वाचणारा वाचतो, बाकीचे गोळ्या झाडतात.

आता ‘रिटर्नल’. हेलसिंकीच्या हाउसमार्क या १९९५ पासूनच्या कंपनीने तो एप्रिल २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ साठी आणला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो पीसीवर आला. आकाशातून येणाऱ्या गोळ्यांच्या जाळ्यातून वाट काढायची, असले आर्केड खेळ बनवण्यात या मंडळींची हयात गेली, आणि ते इथे जागोजागी दिसतं. निळे-लाल गोळे भिंतीसारखे अंगावर येतात. डॅशचं बटण नेमक्या क्षणी दाबलं तर तुम्ही त्यांच्या आरपार जाता. घाबरून मागे पळणारा मरतो, आत घुसणारा वाचतो.

इथे घड्याळ कोणाच्याच बाजूला नाही. खोली साफ केलीत की तिथे हवा तेवढा वेळ उभे राहा, कोणी येणार नाही. इथला हिशेब वेळेचा नाही, अंगाला लागलेल्या घावाचा आहे. घाव न खाता तीन शत्रू मारले की ‘अॅड्रेनालिन’ची एक पातळी वाढते. अशा पाच पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळी नवी ताकद देते. एक जरी घाव बसला तरी पाचही जातात. म्हणून चांगला चाललेला डाव खेळताना खांदे ताठ होतात, तळवे घामेजतात. ‘रिस्क ऑफ रेन २’मध्ये तुमचं सामान ताकदवान होतं, इथे तुम्हाला स्वतःलाच व्हावं लागतं. मेल्यावर अंकुश, तलवार यांसारखी मोजकी साधनं राहतात आणि हरवलेल्या मोठ्या शत्रूंशी पुन्हा लढावं लागत नाही, पण खरी शिदोरी तुमच्या बोटांत जमा होते.

आणि गोष्ट! माझ्या मते हा खेळ इथे त्या दुसऱ्याच्या फार पुढे जातो. सेलीन ही अंतराळवीर अॅट्रोपॉस नावाच्या ग्रहावर कोसळते आणि थोडं चालून गेल्यावर तिला एक प्रेत सापडतं. ते तिचंच असतं. शेजारी ध्वनिमुद्रण पडलेलं असतं, आवाजही तिचाच, पण आपण हे कधी बोललो ते तिला आठवत नाही. मेलं की सगळं पहिल्यापासून, हा नियम बाकीच्या खेळांत तुम्ही निमूट मान्य करता. इथे सेलीनलाही तो ठाऊक आहे आणि तो तिला आतून पोखरतो. अनोळखी जंगलाच्या मधोमध तिचं पृथ्वीवरचं घर उभं असतं. दार उघडून आत गेलात की बंदूक नसते, पाठीमागून दिसणारी सेलीनही नसते. तिच्या डोळ्यांनी तुम्ही खोल्या बघत फिरता. एका आईची आणि लेकराची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी पुढे येते, आणि आपण पुन्हा पुन्हा मरतोय ते का, या प्रश्नाला वेगळंच वजन येतं. २०२२ च्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट खेळाचा मान ‘रिटर्नल’ला मिळाला, सेलीनला आवाज देणाऱ्या जेन पेरी यांनाही अभिनयाचा पुरस्कार मिळाला. दोन्ही योग्य ठिकाणी गेले.

सुरुवातीला या खेळात डाव मध्येच थांबवून ठेवण्याची सोय नव्हती आणि एक डाव दोन-अडीच तास सहज चालतो. नोकरी-अभ्यास सांभाळून खेळणाऱ्यांवर तो अन्याय होता. ऑक्टोबर २०२१ मधल्या सुधारणेने ती सोय झाली, तेव्हा त्याची चिंता आता नको. मार्च २०२२ पासून दोघांना मिळूनही खेळता येतो, पण पहिल्यांदा तरी एकट्याने खेळा.

आता पैशांचं. मशीन जुनं असेल तर प्रश्न मिटला : ‘रिटर्नल’ला पीसीवर किमान १६ जीबी रॅम लागते, ‘रिस्क ऑफ रेन २’ साध्या मशीनवरही चालतो आणि स्वस्तही आहे. मित्रांची टोळी असेल तरीही तोच घ्या. मूळ खेळच पुरेसा आहे. त्याचे हक्क २०२२ मध्ये गिअरबॉक्स या कंपनीकडे गेले आणि ऑगस्ट २०२४ मधली जोडकथा बरेच दोष घेऊन आली, त्यामुळे जोडकथांवर लगेच पैसे घालू नका.

मशीन दणकट असेल आणि एकटेच खेळणार असाल, तर माझं मत स्वच्छ ‘रिटर्नल’ला. पहिला मोठा शत्रू फ्रायकी तुम्हाला बऱ्याचदा लोळवेल. तिथे खेळ सोडू नका, आणि सेलीनच्या गोष्टीचा शेवट तिथे पोहोचेपर्यंत कुठेही वाचू नका.