केवलमूल्याची समीकरणे

केवलमूल्य म्हणजे 'वजाचे चिन्ह पुसून टाकणे' असा समज पुष्कळ वर्गांत रूढ झालेला दिसतो. |−७| = ७ एवढ्यापुरता तो चालतो आणि म्हणूनच तो अधिक घातक ठरतो. पुढे |क्ष − ५| = ३ हे समीकरण आले की विद्यार्थी आतील वजाचे चिन्ह इमानाने पुसतो, क्ष + ५ = ३ असे लिहितो आणि क्ष = −२ हे उत्तर काढून मोकळा होतो. पडताळा पाहिल्यास डावी बाजू ३ नव्हे, ७ येते. यात मुलाचा दोष नाही. त्याने शिकविलेलेच केले.

संख्यारेषेवर शून्यापासून त्या संख्येपर्यंतचे अंतर म्हणजे तिचे केवलमूल्य होय. दोन उभ्या रेघांचे हे चिन्ह जर्मन गणितज्ञ कार्ल वायरश्ट्रास यांनी १८४१ साली योजिले. समीकरणे माध्यमिक वर्गांत येत असली, तरी अंतराची ही कल्पना पूर्णांकांच्या धड्याबरोबरच, म्हणजे प्राथमिक शाळेतच, रुजवावयास हवी.

त्यासाठी शाळेच्या अंगणात फक्कीने एक सरळ रेघ आखावी व पावलापावलावर −१० पासून १० पर्यंत अंक घालावेत. एका मुलास ५ वर उभे करावे आणि दुसऱ्यास सांगावे, "याच्यापासून तीन पावलांवर उभा राहा." तो बहुधा ८ वर जाईल. मग वर्गास विचारावे, "आणखी कोठे उभे राहता आले असते?" कोणीतरी २ वर धावेलच. यानंतर फळ्यावर |क्ष − ५| = ३ लिहावे; आधी नव्हे. क्ष − ५ = ३ किंवा क्ष − ५ = −३, म्हणून क्ष = ८ किंवा २, ही मांडणी आता पाठ करावी लागत नाही.

तेथेच "शून्य पावलांवर उभा राहा" असे सांगितल्यास जागा एकच उरते. "उणे चार पावलांवर" म्हटल्यास मुले हसतील, आणि ते हसणे हेच योग्य उत्तर होय. |क्ष| + ४ = १ यावरून |क्ष| = −३ येते; अशा समीकरणास उकल नाही. कारणासह 'उकल नाही' असे लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत. उत्तर सुटले नाही असे समजून पुष्कळदा त्यावर फुली मारली जाते, हा त्या मुलावर अन्याय आहे.

|२क्ष − ३| = ७ मध्ये नवे काही नाही; २क्ष = १० किंवा −४, म्हणून क्ष = ५ किंवा −२.

उजव्या बाजूसही क्ष असेल तेथे मात्र थांबावे. |क्ष − ६| = २क्ष घेऊ. क्ष − ६ = २क्ष यावरून क्ष = −६; क्ष − ६ = −२क्ष यावरून क्ष = २. पहिली किंमत ठेवल्यास डावी बाजू १२ व उजवी −१२ येते, म्हणून ती त्याज्य. दुसरीने दोन्ही बाजू ४ येतात. रीत अचूक असूनही एक उत्तर खोटे निघते, हे मुलांस या उदाहरणात प्रथमच दिसते. तेव्हा पडताळा शिक्षकाने स्वतः न करता त्यांच्याकडूनच करवून घ्यावा.

सरावासाठी : |क्ष + २| = ६ (येथे −२ वर उभे राहावयाचे), |क्ष| + ९ = ९, |३क्ष − १| + ५ = २, |क्ष − ४| = ३क्ष. उत्तरे अनुक्रमे : ४ किंवा −८, ०, उकल नाही, १.