बोअरच्या पाइपावरचा पांढरा थर

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाइपला पांढरा थर चढतो. कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवताना विहिरीत मीठ साचतं, असं वाचलं. त्याचाच हा परिणाम असेल का?
– एक शेतकरी, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : नाही, निर्धास्त राहा. यवतमाळात अशी साठवण सुरू नाही. ती करताना कोरडा वायू साधारण 800 मीटरहून खोल, खारं पाणी असलेल्या खडकात दाबतात. वायू ते पाणी शोषतो, मीठ मागे उरतं आणि विहिरीलगतच्या खडकाची छिद्रं बुजतात. नॉर्वेतल्या स्नोविट प्रकल्पात 2008 नंतर दाब वाढला, तेव्हा पहिला संशय मिठावरच आला होता. पण हे मीठ खोल खडकातच अडकतं. गळती झाली तर, ही शंका रास्त आहे. म्हणून तर अशा ठिकाणी दाबावर सतत नजर ठेवतात. तुमचा थर बहुधा जड पाण्यातल्या चुन्याचा आहे. खपली काढून तिच्यावर लिंबू पिळा. फेस आला तर चुनाच. बोअरमध्ये ॲसिड मात्र ओतू नका. खरी काळजी फ्लोराइडची करा. जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या भूजलात ते आहे. त्याला ना रंग, ना चव, आणि उकळूनही ते जात नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या आणि अहवाल येईपर्यंत ते लहान मुलांना पाजू नका.